स्कॉटलंडची नॅशनल केअर सर्व्हिस: कायदा झाला, मग सर्व्हिस कुठे आहे?

केळफूल (धागाकर्ती)

स्कॉटिश पार्लमेंटने १० जून २०२५ रोजी केअर रिफॉर्म बिल मंजूर केलं, जुलैमध्ये त्याला राजाची संमती मिळून कायदा झाला. हेच विधेयक जून २०२२ मध्ये मांडलं तेव्हा त्याचं नाव नॅशनल केअर सर्व्हिस बिल होतं: वयस्कर, अपंग माणसांना घरी किंवा केअर होममध्ये मिळणारी मदत, म्हणजे सोशल केअर, एका राष्ट्रीय यंत्रणेखाली आणायची. एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) स्थापनेनंतरची सगळ्यांत मोठी सुधारणा, असं तेव्हा सरकार सांगत होतं. आता कायद्याच्या नावातून 'नॅशनल'ही गेलं आणि 'सर्व्हिस'ही.

माझे प्रश्न दोन. एक, मधल्या तीन वर्षांत नेमकं काय बिनसलं? दोन, ज्यांच्या घरी वयस्कर किंवा अपंग माणूस आहे त्यांना आज फोन उचलून कोणाशी बोलायचं यात या कायद्याने काही फरक पडतो का?

राजकीय धुळवड नको, जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती. इंग्लंडवाल्यांनीही लिहा, पण कुठल्या देशाचा नियम सांगताय ते आधी सांगा. मागच्या पेन्शनच्या धाग्यावर याच कारणाने सावळागोंधळ झाला होता.

नस्तीउठाठेव

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. पहिल्याचं दोन शब्दांत: पैसा, माणसं.

(आता जाणकार येऊन पाच परिच्छेद लिहितील. मी चहा टाकतो.)

कागदीघोडे

उठाठेवराव, तुमचे दोन शब्द बरोबरच आहेत, पण अपुरे. क्रमाने सांगतो.

कोविडमध्ये केअर होममधल्या मृत्यूंवरून गदारोळ झाल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये एनएचएस स्कॉटलंडचे माजी प्रमुख डेरेक फीली यांच्याकडे प्रौढांच्या सोशल केअरचं पुनर्विलोकन दिलं गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल आला, ५३ शिफारशी. त्यातली मध्यवर्ती शिफारस अशी की सोशल केअरची जबाबदारी मंत्र्यांकडे असावी. म्हणजे केअर मिळाली नाही तर जबाबदार कोण, हे लोकांना एका बोटाने दाखवता यावं.

आत्ताची रचना मुळात गुंतागुंतीची आहे. ३२ कौन्सिलं (स्थानिक स्वराज्य संस्था), एनएचएसची १४ प्रादेशिक हेल्थ बोर्डं. २०१४ च्या जॉइंट वर्किंग कायद्याने दोघांचे पैसे एकत्र करून ते कुठे खर्चायचे हे ठरवणारी इंटिग्रेशन जॉइंट बोर्डं आली. क्लॅकमननशायर आणि स्टर्लिंग मिळून एक बोर्ड. हायलंडमध्ये बोर्डच नाही, तिथे प्रौढांची केअर २०१२ पासून एनएचएस हायलंड थेट चालवतं. म्हणून बोर्डं ३०. पण या बोर्डांचं स्वतःचं मनुष्यबळ जवळपास शून्य. कर्मचारी कौन्सिलचे किंवा एनएचएसचे, इमारती त्यांच्या, पैसा त्यांनी दिला तर. बोर्ड फक्त 'निर्देश' देतं.

मूळ विधेयकात ही बोर्डं मोडून मंत्र्यांना जबाबदार अशी नवी केअर बोर्डं यायची होती, आणि कौन्सिलांची कामं तिकडे वळवण्याचा अधिकार मंत्र्यांना मिळणार होता. 'अधिकार मिळणार होता' हे नीट वाचा. कोणती कामं, किती कर्मचारी, कधी, हे विधेयकात नव्हतंच. ते पुढे नियमांनी ठरणार होतं. आधी चौकट मंजूर करा, आतला मजकूर नंतर भरू, असा प्रकार. समित्यांनी पहिला आक्षेप इथेच घेतला, कारण मजकूर माहीत नसेल तर खर्च कशाचा काढायचा?

सरळमार्गी

खर्चाचा मुद्दा पुढे नेतो. विधेयकासोबतच्या वित्तीय टिपणात पाच वर्षांचा खर्च ६६.४ कोटी ते १२६.१ कोटी पौंड असा दिला होता. वरचा आकडा खालच्याच्या जवळपास दुप्पट, तेव्हा हा अंदाज की टप्पा असा प्रश्न वित्त समितीला पडणारच. तोही नवीन यंत्रणा उभारण्याचा खर्च. त्यातून केअरचा एक जादा तास कोणाला मिळेल याचा हिशेब त्यात नव्हता.

शिवाय तीन गोष्टी ज्यांच्यावर बातम्यांत फारसं आलं नाही:

व्हॅट. कौन्सिलांना त्यांच्या खरेदीवरचा व्हॅट कायद्याने परत मिळतो. नवी केअर बोर्डं कौन्सिल नाहीत, त्यामुळे ही सवलत त्यांना आपोआप लागू होत नाही. ती द्यायची की नाही हे ट्रेझरीच्या (यूकेच्या अर्थखात्याच्या) हातात, म्हणजे लंडनच्या.

पेन्शन. कौन्सिलचे कर्मचारी लोकल गव्हर्न्मेंट पेन्शन स्कीममध्ये असतात. हजारो माणसं एकदम दुसऱ्या मालकाकडे गेली की मागे राहिलेल्या फंडाची देणी कोण उचलणार?

इमारती. कौन्सिलच्या मालकीची केअर होम्स, डे सेंटर्स. त्यांच्यावर कर्ज असतं. मालमत्ता गेली आणि कर्ज कौन्सिलच्याच वहीत राहिलं तर?

यातल्या एकाचंही उत्तर टिपणात धड नव्हतं.

मेघदूत_लीड्स

सरळमार्गी, +१. पण कौन्सिलांचा विरोध केवळ हिशेबाचा होता हे पटत नाही. कौन्सिलच्या बजेटमध्ये शिक्षणाखालोखाल मोठा वाटा सोशल केअरचा असतो. तो गेला की कौन्सिलकडे उरतं काय? कचरा, रस्ते आणि लायब्ररीच्या वेळा. सत्ता कोण सुखासुखी सोडतो?

कागदीघोडे

मेघदूत, त्यात तथ्य आहे आणि ते कोणी लपवलंही नाही. म्हणून तर जुलै २०२३ मध्ये सरकार आणि कौन्सिलांची संघटना कॉस्ला यांच्यात तडजोड झाली: कर्मचारी आणि मालमत्ता कौन्सिलांकडेच राहतील, जबाबदारी सरकार, कौन्सिल आणि एनएचएस तिघांची सामायिक, वर एक राष्ट्रीय बोर्ड. कर्मचारी वर्ग होणार नाहीत म्हटल्यावर खर्चाची धार बरीच कमी झाली. पण फीलींनी मागितलेलं 'एका बोटाने दाखवता येणं' तिथेच संपलं. तीन धनी असले की प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतो. आज तेच तर चालू आहे!

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी पहिला टप्पा पार झाला. त्याच वर्षीच्या शरदात कॉस्लाने पाठिंबा काढला, कामगार संघटना आधीपासून विरोधात होत्याच, ग्रीन पक्षही बाजूला झाला. स्कॉटिश नॅशनल पार्टीचं (एसएनपी) सरकार अल्पमतात, मतं जुळेनात. २३ जानेवारी २०२५ रोजी मंत्री मॅरी टॉड यांनी विधेयकाचा पहिला भाग, म्हणजे नॅशनल केअर सर्व्हिस उभारणारा भाग, वगळत असल्याचं जाहीर केलं. उरलेलं नवं नाव लावून मंजूर झालं. राष्ट्रीय बोर्डाऐवजी सल्लागार मंडळ आलं, ज्याला कायद्याचा आधार नाही.

पौर्णिमा_प

कामगार संघटनांना खलनायक करू नका हं कोणी. त्यांनी सुरुवातीला कल्पनेचं स्वागत केलं होतं. त्यांची मागणी एकच होती, संपूर्ण क्षेत्रासाठी एकत्र वेतनवाटाघाटी. विधेयकात ती नव्हती. आणि स्कॉटलंडमधली बहुतेक केअर होम्स खाजगी किंवा धर्मादाय संस्थांची आहेत. बोर्ड मंत्र्यांचं आलं काय, कौन्सिलचं राहिलं काय, सकाळी सात वाजता दारात उभी राहणारी बाई त्याच एजन्सीची, त्याच पगारावर.

नस्तीउठाठेव

चहा झाला. पाच परिच्छेदही झाले. बघा, म्हटलं नव्हतं!

केळफूल (धागाकर्ती)

कागदीघोडे, सरळमार्गी, खूप आभार. पहिला प्रश्न सुटला. कायद्यात जे उरलं ते काय आहे? आणि दुसऱ्या प्रश्नावर अजून उठाठेवरावांचं एकशब्दी उत्तरच आहे.

ओवी_ग्लासगो

केळफूलताई, उरलेलंही अगदीच फुटकळ नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या.

पहिली, अ‍ॅन्स लॉ. कोविडमध्ये केअर होम्सनी महिनोन्‌महिने भेटी बंद ठेवल्या, त्यावरून नातेवाइकांनी चालवलेल्या मोहिमेतून हे कलम आलं. यापुढे केअर होमने भेटी घडवून आणायच्या, नुसती 'परवानगी' द्यायची नाही. रहिवाशाला 'इसेन्शियल केअर सपोर्टर', म्हणजे आधार देणारं जवळचं माणूस, नेमता येतो. साथ आली म्हणून सरसकट दार लावून घेता येणार नाही. भेट थांबवायची तर गंभीर धोका दाखवावा लागेल. आधी हे फक्त मानकांत होतं, आता कायद्यात आलं. व्यवहारात करायचं ते एवढंच: केअर होममध्ये दाखल करतानाच हा सपोर्टर कोण ते त्यांच्या केअर प्लॅनमध्ये लिहून घ्या. तोंडी सांगून मोकळं होऊ नका. रात्रपाळीला आलेल्या एजन्सीच्या नर्सला तोंडी गोष्टी माहीत नसतात.

दुसरी, घरी बिनपगारी सांभाळणाऱ्यांना पुरेशा विश्रांतीचा हक्क. २०१६ च्या केअरर्स कायद्यात कौन्सिलने विश्रांतीचा फक्त 'विचार' करावा असं होतं. आता हक्क म्हटलंय. पण प्रत्यक्ष लागू व्हायला वेगळे नियम लागतात आणि पैसा लागतो, म्हणून उद्याच कोणी तुमच्या जागी माणूस पाठवेल असं समजू नका.

तिसरी, माहितीची देवाणघेवाण. हॉस्पिटल, जीपी (फॅमिली डॉक्टर), सोशल वर्कर आणि एजन्सी यांच्या नोंदी चार वेगळ्या सिस्टिममध्ये असतात. एकच गोष्ट चौघांना चारदा सांगावी लागते आणि चौथ्या वेळी एखादं औषध सांगायचं राहतं. कायद्याने नोंदींसाठी समान मानकं आणायचा अधिकार घेतला आहे. कंटाळवाणं कलम आहे, पण माझ्या मते तिघांतलं सगळ्यांत कामाचं हेच ठरेल.

तात्या_डंडी

दुसऱ्या प्रश्नावर मी लिहितो. हे फक्त स्कॉटलंडचं आहे, इंग्लंडवाल्यांनी इथून नक्कल करू नये.

सुरुवात कौन्सिलच्या सोशल वर्क विभागाच्या फोनपासून. काही ठिकाणी पाटीवर हेल्थ अँड सोशल केअर पार्टनरशिप असं लिहिलेलं असतं, दार तेच. जीपीच्या चिठ्ठीची गरज नाही, स्वतः किंवा घरच्यांनी फोन केला तरी चालतो. तुम्ही मागायचं ते 'असेसमेंट'. 'मदत हवी आहे' म्हणालात तर ते पत्रकं पाठवतात. 'कम्युनिटी केअर असेसमेंट हवं आहे आणि सांभाळणाऱ्यासाठी अ‍ॅडल्ट केअरर सपोर्ट प्लॅनही हवा आहे' असं म्हणा. दोन्ही वेगळे हक्क आहेत, एकाच फोनवर दोन्ही मागता येतात.

मग गरजेची चार पायऱ्यांत वर्गवारी होते: क्रिटिकल, सब्स्टॅन्शियल, मॉडरेट, लो. पैशांची टंचाई असल्याने बहुतेक ठिकाणी वरच्या दोन पायऱ्यांनाच सेवा मिळते. पर्सनल केअर (आंघोळ, कपडे, खाणं यांतली मदत) ठरली तर मार्गदर्शिकेप्रमाणे ती सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवी.

आता गडबड कुठे होते ते. असेसमेंटला सोशल वर्कर घरी येते. आपली आजी नऊवारी किंवा चांगली साडी नेसून, केस विंचरून खुर्चीत बसते. 'आंघोळ जमते का?' 'हो, जमते की.' 'जेवण करता?' 'करते की.' परक्यासमोर आपलं उणं दाखवायचं नाही ही सवय हाडीमाशी भिनलेली. मुलगा दुभाषा म्हणून बसलेला, तोही आईला लाज वाटू नये म्हणून अर्धं गाळतो. कागदावर येतं 'लो'.

म्हणून आधी एक आठवडा साधी वही ठेवा. रात्री किती वेळा उठावं लागलं, कोणी उठवलं, आंघोळीला हात कोणी दिला, किती वेळ लागला, गॅस चालू राहिला का, गोळ्या चुकल्या का. 'जमतं' आणि 'सुरक्षितपणे, न पडता, दुसऱ्याच्या हाताशिवाय जमतं' यात फरक आहे, आणि वर्गवारी दुसऱ्यावर ठरते. दुभाष्या कौन्सिलकडून मागा, घरचा नको.

पौर्णिमा_प

तात्या, हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावण्यासारखा आहे.

मेघदूत_लीड्स

एक शंका. स्कॉटलंडमध्ये पर्सनल केअर सगळ्यांना फुकट असते ना? मग पैशाची चौकशी कशाला होते?

तात्या_डंडी

फुकट आहे, पण काय फुकट हे ठरलेलं आहे. ६५ वर्षांवरच्यांना जुलै २००२ पासून, त्याखालच्यांना एप्रिल २०१९ पासून. आंघोळ, कपडे, संडास-लघवी, खाऊ घालणं, उठबस, साधी औषधं हे पर्सनल केअरमध्ये. घरझाड, बाजारहाट, कम्युनिटी अलार्म, डे सेंटर हे नाही. त्यासाठी उत्पन्न बघून पैसे घेतात आणि दर प्रत्येक कौन्सिलचा वेगळा.

केअर होममध्ये हिशेब बदलतो. तिथे स्वतःचे पैसे भरणाऱ्याच्या नावे कौन्सिल ठरावीक रक्कम होमला देते. २०२४-२५ चा दर आठवड्याला पर्सनल केअरचे २४८.७० पौंड आणि नर्सिंग लागत असेल तर वर १११.९० पौंड होता. उरलेलं, म्हणजे राहणं-जेवण, स्वतः भरायचं, आणि उरलेलं हेच मोठं असतं. 'स्कॉटलंडमध्ये केअर होम फुकट' असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते साफ चूक. आणखी एक: होममध्ये हे पैसे सुरू झाले की चार आठवड्यांनी अटेंडन्स अलाउन्स (मदत लागणाऱ्या वयस्करांना मिळणारा सरकारी भत्ता) बंद होतो. घरी राहून पर्सनल केअर घेतली तर तो चालू राहतो. नवीन अर्जदारांना आता स्कॉटलंडमध्ये त्याऐवजी पेन्शन एज डिसॅबिलिटी पेमेंट मिळतं.

सरळमार्गी

घराबद्दलही लिहा कोणीतरी. 'मुलाच्या नावावर घर केलं आणि सात वर्षं गेली की कौन्सिल हात लावू शकत नाही' हे प्रत्येक गणपतीत कोणी ना कोणी छातीठोकपणे सांगतं.

कागदीघोडे

सात वर्षं ही वारसा कराची मुदत आहे, केअरचा तिच्याशी संबंध नाही. केअरच्या हिशेबात कौन्सिल हेतू बघतं. केअरचे पैसे चुकवायला घर दिलं असं वाटलं तर ते घर अजून तुमचंच आहे असं धरून हिशेब करता येतो, कितीही वर्षं झाली तरी. अर्थात माणूस ठणठणीत असताना, केअरची सावलीही नसताना दिलं असेल तर हेतू सिद्ध करणं कौन्सिलला कठीण.

उलट बाजूही सांगतो, कारण लोक उगाच घाबरतात. जोडीदार त्या घरात राहत असेल तर घर हिशेबात धरत नाहीत. साठीपुढचा नातेवाईक राहत असेल तरी नाही. केअर होममध्ये कायमचं गेल्यावर पहिले १२ आठवडे घर सोडूनच देतात. त्यानंतरही लगेच विकावं लागत नाही, कौन्सिलशी डिफर्ड पेमेंटचा करार करता येतो. पैसे नंतर घर विकल्यावर. आणि घरी येणाऱ्या मदतीसाठी राहतं घर कधीच मोजत नाहीत.

मेघदूत_लीड्स

धन्यवाद. इंग्लंडचं सांगायची वेळ आली. इथे घरी येणाऱ्या पर्सनल केअरलाही पैसे लागतात. मालमत्ता २३,२५० पौंडांच्या वर असेल तर सगळा खर्च तुमचा, आणि हा आकडा २०१०-११ पासून हललेला नाही. आयुष्यभरात ८६,००० पौंडांच्या वर खर्च करावा लागू नये अशी मर्यादा येणार होती. ऑक्टोबर २०२३ ची ऑक्टोबर २०२५ झाली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने ती रद्दच केली.

नॅशनल केअर सर्व्हिस हे नावही इंग्लंडला नवीन नाही. २०१० मध्ये अँडी बर्नम आरोग्यमंत्री असताना त्याच नावाची श्वेतपत्रिका आली होती. सोबत पर्सनल केअर अ‍ॅट होम कायदाही मंजूर झाला, निवडणूक झाली, सरकार बदललं आणि तो कधी लागूच झाला नाही. आता सोशल केअरवर लुईस केसी यांचा आयोग आहे, अंतिम अहवाल २०२८ मध्ये. तोपर्यंत इथल्या आजीआजोबांनी धीर धरावा म्हणे.

नस्तीउठाठेव

म्हणजे स्कॉटलंडने तीन वर्षांत न केलेलं काम इंग्लंड अठरा वर्षांत न करून दाखवणार. चिकाटी म्हणतात ती हीच.

पुणेरी_पाटी

हे सगळं वाचून हेवा वाटतोय. आपल्याकडे असा कायदा का नाही? (अवांतर असल्यास माफी.)

कागदीघोडे

थोडक्यात: आपल्याकडे २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा आहे. पण तो जबाबदारी मुलांवर आणि वारसांवर टाकतो, सरकारवर नाही. प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवर न्यायाधिकरण, कायद्याच्या मजकुराप्रमाणे वकील लावता येत नाही, निर्वाहाची कमाल रक्कम महिन्याला १०,००० रुपये. गरज तपासून घरी माणूस पाठवणारी यंत्रणा त्यात नाही. पुण्या-मुंबईत ती पोकळी ब्यूरोवाले भरतात, बारा तासांचा किंवा चोवीस तासांचा माणूस देऊन. त्या माणसाचं प्रशिक्षण कोणी तपासायचं, हा तिथला खरा प्रश्न आहे. इथे स्कॉटलंडमध्ये निदान केअर इन्स्पेक्टोरेटची (केअर सेवा तपासणाऱ्या संस्थेची) १ ते ६ अशी श्रेणी तरी वेबसाइटवर बघता येते, आणि केअरर्सना स्कॉटिश सोशल सर्व्हिसेस कौन्सिलकडे (एसएसएससी) नोंदणी करावी लागते. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

ओवी_ग्लासगो

मुळात माणसांबद्दल कोणी बोललंच नाही, पौर्णिमाताईंचं एक वाक्य सोडून. सकाळच्या अर्ध्या तासाच्या भेटीत काय बसवायचं असतं बघा. दार उघडायला की-सेफचा (दाराबाहेरच्या किल्लीच्या पेटीचा) कोड. माणसाला उठवणं, टॉयलेट, पॅड बदलणं, अंग पुसणं, कपडे, ब्लिस्टर पॅकमधल्या गोळ्या देऊन तक्त्यावर सही, चहा-टोस्ट, मग फोनवरच्या अ‍ॅपमध्ये नोंद. गुडघे धरलेल्या माणसाला पलंगावरून उठवण्यातच दहा मिनिटं जातात. पुढची भेट तीन मैलांवर आणि रोटामध्ये प्रवासाची वेळ पाच मिनिटं. मग कापलं काय जातं? अंग पुसणं 'तोंड-हात' एवढ्यावर येतं, आणि टोस्ट समोर ठेवून बाई निघते. तो खाल्ला का हे कोणी बघत नाही. वजन उतरायला सुरुवात इथून होते. केअर प्लॅनमध्ये 'जेवण देणे' असं नको, 'जेवण संपेपर्यंत थांबणे' असं लिहून घ्या. या दोन ओळींत दहा मिनिटांचा फरक असतो आणि तो असेसमेंटच्या वेळीच मागावा लागतो.

त्यात जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअरर व्हिसावर आणणं बंद. एप्रिल २०२५ पासून मालकाचा नॅशनल इन्शुरन्सही (कर्मचाऱ्यांच्या पगारावर सरकारला भरायचा हप्ता) वाढला. स्कॉटिश सरकारने प्रौढ केअरमधल्या लोकांसाठी ताशी १२.६० पौंडांचा पैसा दिला, पण वाढलेला विमा एजन्सीने स्वतः सोसायचा. कौन्सिलने तास मंजूर केले तरी ते भरायला माणूस नाही, अशी पत्रं येतात.

सरळमार्गी

माणूस नाही असं पत्र आलं तर ऑप्शन १ चा विचार करावा. २०१३ च्या सेल्फ-डायरेक्टेड सपोर्ट कायद्याने चार पर्याय आहेत: पैसे थेट तुमच्या हातात, एजन्सी तुम्ही निवडायची आणि व्यवहार कौन्सिलने बघायचा, सगळं कौन्सिलने करायचं, किंवा मिश्र. पहिल्यात तुम्ही स्वतः माणूस ठेवू शकता, मराठी बोलणारा मिळाला तर आणखी बरं.

पण मग तुम्ही मालक होता. वेगळं बँक खातं, लेखी करार, पगारपत्रक, कर कापून भरणं, पेन्शन, वर्षाला ५.६ आठवडे सुट्टी, आणि किमान ५० लाख पौंडांचा एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा. बहुतेक ठिकाणी पेरोल करून देणाऱ्या संस्था आहेत, त्यांचा खर्च बजेटमध्येच मागून घ्यावा. फसगत होते ती सुट्टीच्या पैशांत. तासाचा दर जुळवताना सुट्टीचे आणि आजारपणाचे आठवडे धरलेले नसतात आणि मार्चमध्ये खातं रिकामं होतं. घरातल्याच माणसाला पगारावर ठेवणं ठरावीक परिस्थितीतच चालतं, कौन्सिलशी आधी लेखी बोलून.

चिंचगूळ

एक विचारायचं होतं. आईवडील भारतातून कायमचे इकडे आले असतील, अ‍ॅडल्ट डिपेंडंट रिलेटिव्ह व्हिसावर, तर हे मिळतं का?

कागदीघोडे

त्या व्हिसावर पाच वर्षं सरकारी मदत न घेण्याची हमी मुलाने दिलेली असते, म्हणून अटेंडन्स अलाउन्ससारखे भत्ते नाहीत. पण इमिग्रेशन नियमांत 'पब्लिक फंड्स'ची यादी आहे आणि कौन्सिलची सोशल केअर त्या यादीत नाही. असेसमेंट मागण्याने व्हिसा धोक्यात येतो ही समजूत चुकीची. काही इमिग्रेशन स्टेटसवर वेगळी बंधनं आहेत, म्हणून फोन करण्याआधी तुमची कागदपत्रं सल्लागाराला दाखवा.

केळफूल (धागाकर्ती)

किती कामाचं निघालं! मग माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं समजू का: जबाबदार कोण हे आजही तीन ठिकाणी विभागलेलं आहे, आणि फोन पूर्वी जिथे करायचा तिथेच करायचा?

कागदीघोडे

हो. फक्त तक्रार करताना एक लक्षात ठेवा. आधी कौन्सिलची दोन टप्प्यांची तक्रार: पहिल्याला पाच कामकाजाचे दिवस, दुसऱ्याला वीस. त्यानंतर लोकपालाकडे, म्हणजे एसपीएसओ. सेवेच्या दर्जाबद्दल असेल तर केअर इन्स्पेक्टोरेटकडे थेट जाता येतं, नाव न सांगताही. बोर्ड राष्ट्रीय झालं असतं तर ही वाट सरळ झाली असती असं मला अजून वाटतं, पण तो भाग वगळला गेला.

पौर्णिमा_प

मला नाही वाटत. वाट सरळ झाली असती, पुढे रांग तीच असती. असो.

तात्या_डंडी

एक राहिलं. हॉस्पिटलमध्ये उपचार संपूनही अडकून पडलेले रुग्ण स्कॉटलंडमध्ये रोज सुमारे दोन हजार असतात. बरेच जण केअरची वाट बघत असतात, पण काही केवळ सहीसाठी अडकतात. डिमेन्शिया झालेल्या माणसाला केअर होममध्ये हलवायचं, तर निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार कोणाकडे तरी हवा. पॉवर ऑफ अटर्नी नसेल तर शेरीफ कोर्टातून (स्थानिक न्यायालयातून) गार्डियनशिप, म्हणजे पालकत्व, त्यात महिने जातात, आणि तेवढे दिवस आजी वॉर्डात.

म्हणून डोकं शाबूत असताना पॉवर ऑफ अटर्नी करा. आर्थिक आणि वेल्फेअर दोन्ही अधिकार त्यात घ्या. नुसते आर्थिक घेतले तर केअर होमचा निर्णय घेता येत नाही. वकील किंवा डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि फॉल्कर्कच्या पब्लिक गार्डियनच्या कार्यालयात नोंदणी झाल्याशिवाय ते वापरता येत नाही.

चिंचगूळ

भारतात वडिलांनी भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं आहे, ते चालेल का?

तात्या_डंडी

त्यावर विसंबू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो, म्हणजे नेमकं लागतं तेव्हाच ते निकामी होतं. वडील इकडे राहत असतील तर इथलं वेगळं करा, आणि दुसरं नाव पर्यायी म्हणून घाला. एकच नाव घातलं आणि तोच माणूस परदेशात असला की पुन्हा कोर्ट.